केस नंबर सातचे दुष्परिणाम

विनूच्या दातांवर तार चढली तेव्हा उज्जैनला सरकार मध्य भारताचं होतं, आणि दात निम्म्या वाटेवर असताना ते सरकारच उरलं नाही. गावाला याचं फारसं काही वाटलं नाही. उज्जैनने विक्रमादित्यापासून बरीच राज्यं येताजाताना पाहिली आहेत. पण जाणारं राज्य एका नऊ वर्षांच्या मुलीच्या वरच्या जबड्यात अर्धवट काम टाकून जाईल, असं रजनीला वाटलं नव्हतं.

रजनी बी.एस्सी. होती. सासरी हे ‘तिला सांध्यांचा त्रास आहे’ अशा सुरात सांगितलं जाई. इंदूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलांनी तिला एक खोड लावली होती: आधी निरीक्षण, मग अनुमान, मग निष्कर्ष, आणि सगळं तारीख घालून वहीत. लग्नानंतर निरीक्षणाला वनस्पती म्हणून तुळस तेवढी उरली, आणि ती काही विशेष करत नसे. मग वहीत विनू आली. विनू कुशीवर कधी वळली, पालथी कधी पडली, कोणत्या तारखेला तिने चिंचोका गिळला आणि कोणत्या तारखेला तो परत मिळाला, सगळं नोंदलेलं होतं.

त्यामुळे विनूचे वरचे दात पुढे येताहेत हे जगाच्या आधी रजनीला दिसलं. पण नुसत्या दातांचं तिला काही नव्हतं. काळजी होती ती विनूच्या हसण्याची. म्हणजे विनू हसायची, पण ओठ मिटून, नाकातून. तेवढ्याने भागलं नाही तर फ्रॉकची कॉलर वर ओढून तोंडावर घ्यायची. शाळेतून वर्गाचा फोटो आला, त्यात एकतीस मुली होत्या आणि एक पाटी होती. पाटीमागे विनू होती. रजनीने सतरा दिवस वहीत पाहणी केली. सतरा दिवसांत तोंड उघडून हसणं: शून्य. निष्कर्ष: दात मागे गेले पाहिजेत.

घरात हा निष्कर्ष कुणाला पटला नाही. तिचा नवरा शरच्चंद्र स्टेशनवर ट्रॅफिकच्या कचेरीत होता. रेल्वे दिल्लीची, त्यामुळे खाली राज्यं बदलली तरी त्याची खुर्ची हलत नसे, आणि त्या स्थैर्यातून तो बोलत असे. म्हणाला, “आगरच्या छोट्या गाडीत मुंबईच्या गाडीचे पॅसेंजर भरलेत. रेटारेटी होणारच.” एवढं बोलून विषय संपला असं त्याला वाटलं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या घरात सगळ्यांचेच दात असे. कुणाचं लग्न अडलं?”

खालच्या मजल्यावर अहल्याकाकू राहत. त्यांचे कुणी पूर्वज शिंद्यांच्या फडावर कारकून होते, आणि तेव्हापासून त्या घराण्यात कुणी सल्ला देत नसे, हुकूम देत. “रोज सकाळी अंगठ्याने दाब द्यायचा, एकवीस वेळा,” काकूंनी सांगितलं. “आमच्या गोपाळचे असेच घातले मागे.” रजनीने गोपाळचे दात पाहिले होते. तिने वहीत काही लिहिलं नाही. शेजारधर्म म्हणून.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर यज्ञेश्वर देवस्थळी आले. मुंबईला दातांचं शिकलेले, वयाने कोवळे, आणि संशोधनाने झपाटलेले. तारेने दात सरकवले तर पंधरा महिन्यांत किती सरकतात, आणि सरकताना मुलांना काय काय त्रास होतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मध्य भारत सरकारने बारा मुलांची मंजुरी दिली होती. उपचार फुकट. बदल्यात आईबापांनी दर आठवड्याला एक छापील कागद भरून आणायचा. विनू झाली केस नंबर सात.

आधी जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला. डॉक्टर तो हातात धरून भक्तिभावाने म्हणाले, “हा आधीचा. शेवटी नंतरचा काढायचा आणि दोन्ही मोजायचे. साचा गेला की संशोधन गेलं, असं समजा.” आणि वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तो रजनीच्या हातात ठेवला.

“माझ्याकडे?” रजनी म्हणाली.

“अलमारी अजून मंजूर झालेली नाही. घरी जपून ठेवा. फक्त पाणी लागू देऊ नका.”

अशा रीतीने उज्जैनमधल्या बारा घरांत बारा जबडे अलमारीची वाट पाहू लागले. रजनीने आपला जबडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर, कपाटाच्या डोक्यावर ठेवला. दर रविवारी ती तो काढून मऊ फडक्याने पुसायची. कुणी बघू नये, बघून हसू नये, म्हणून दार लावून.

मग सुरू झाले कागद. नाव, वय, तारीख, आणि खाली ‘दुष्परिणाम’ या शब्दापुढे चार ओळी. चार ओळींत रजनी नुसती प्रस्तावना करू शकत होती. तिने पुरवण्या जोडायला सुरुवात केली.

डॉक्टर वाचायचे. “आठवडा तिसरा. डाव्या गालाला आतून छाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तार आवळल्यावर दोन दिवस कणकेचे बाफले चावता येत नाहीत. वरणात कुस्करून दिले. बाफल्यांचा असा अपमान पाहून सासूबाई जेवल्या नाहीत.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “वहिनी, सासूबाई यात कशा आल्या?”

“परिणाम आहे ना?”

“आहे. पण तो उपचाराचा दुष्परिणाम म्हणता येईल का?”

“तुम्ही आमच्याकडे दोन दिवस राहायला या,” रजनी म्हणाली, “आणि मग सांगा.”

डॉक्टरांनी ते पान फायलीत लावलं. आठवडा दहावा, वजन अर्धा शेर कमी. आठवडा एकोणिसावा, दोन दिवस दाढेच्या मुळाशी ठणका, बोट लावू देत नाही. संक्रांतीला अहल्याकाकूंच्या हातच्या तिळाच्या लाडवाने दाढेवरचं कडं निखळलं. तो लाडू रजनीने पुरावा म्हणून कागदात बांधून नेला. डॉक्टरांनी त्यावर चिमटा आपटून पाहिला आणि चिमटा जपून बाजूला ठेवला.

बाकी अकरा मुलांच्या कागदांवर मात्र दर आठवड्याला एकच शब्द असायचा. निरंक. त्याचं कारण रजनीला दवाखान्याच्या बाकावर कळलं. केस नंबर चारची आई कानाशी येऊन म्हणाली, “भाभी, इतना सब काहे को लिखती हो? तकलीफ लिखी तो तार निकाल लेंगे. मुफ्त का काम है.” तिच्या मांडीवर केस नंबर चार गाल धरून बसला होता, आणि तो गाल चांगला पेरूसारखा सुजला होता. कागदावर होतं, निरंक. रजनीच्या बी.एस्सी.ला हे सहन झालं नाही. त्या दिवशी तिने एक पुरवणी जास्तच लिहिली.

संक्रांतीच्या आधीच, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मध्य भारत संपला होता. दवाखान्याच्या पाटीवरचं एक नाव पुसून दुसरं घातलं गेलं. डॉक्टरांची फाइल ग्वाल्हेरहून भोपाळला निघाली आणि पाच महिने वाटेतच राहिली. ती ग्वाल्हेरला नव्हती, भोपाळला नव्हती, आणि अलमारी तर कुठल्याच राज्यात मंजूर नव्हती. तरी डॉक्टर दर महिन्याला तारा आवळत राहिले. कुणाच्या हुकुमाने, असं विचारलं तर म्हणत, “दातांना कुठे ठाऊक आहे राज्य बदललं ते?”

चैत्रात एकदाची फाइल पोचली, आणि तिच्या मागोमाग पत्र आलं की भोपाळचे साहेब गुरुवारी पाहणीला येतील. ते शुक्रवारी आले. शुक्रवारी रजनीच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सकाळी कैऱ्या किसून, हरभरे उपसून, सासूबाईंच्या हवाली करून ती विनूला घेऊन दवाखान्यात गेली. आरास सासूबाई मांडणार होत्याच. त्यात रजनीला त्या हात लावू देत नसत.

साहेबांचं नाव चतुर्वेदी. रीवाकडचे. राज्यं जुळवली तशी माणसंही जुळवावी लागली, त्यात ते तिकडच्या गुराघोड्यांच्या दवाखान्यांवरून इकडे माणसांच्या खात्यात आले होते. टेबलावर अकरा फायली पापडासारख्या पातळ, आणि एक सुतळीने बांधलेली.

“यह सात नंबर किसका है?”

रजनी उभी राहिली. मनातून तिला वाटलं, शेवटी कुणीतरी वाचलं.

“बहनजी, ग्यारह बच्चों को कोई तकलीफ नहीं. और यहाँ चौंसठ पन्ने.” साहेबांनी पानं उलटली. “छाला, बुखार, वजन कम, सास का उपवास. इसे मैं चालू कैसे रखूँ? कल ऊपरवाले पूछेंगे, बच्ची को इतना कष्ट था तो रोका क्यों नहीं.” आणि त्यांनी शेरा लिहायला घेतला: केस सात बंद, शनिवारी तार काढावी.

रजनीचा धीरच सुटला. तार मध्येच काढली तर सरकलेले दात आपल्या जागी परत यायला बघतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे पुन्हा पाटी. पुन्हा कॉलर. आणि हे कुणी केलं? ज्यांनी खोटं लिहिलं त्यांची मुलं सुखरूप, आणि जिने नऊ महिने खरं लिहिलं तिच्या मुलीच्या तोंडावर बंदी. तिने विनूकडे पाहिलं. विनू कॉलर चाचपत होती. मग मात्र रजनीचा धीर परत आला. नुसता आला नाही, चांगला तापून आला.

“साहब, यह शिकायत नहीं है, निरीक्षण है,” ती म्हणाली. “ग्यारह बच्चों के मुँह में लोहा बाँधा है और नौ महीने में किसी को एक छाला तक नहीं आया. आपको अजीब नहीं लगता?”

मागच्या बाकांवर अकरा घरचे आईबाप एकदम छताकडे बघू लागले.

साहेबांनी टाक खाली ठेवला. “अजीब तो है,” ते सावकाश म्हणाले. “घोड़े को नई लगाम दो, हफ्ता भर मुँह छिलता है.” मुलीची तुलना घोड्याशी झाली हे रजनीने त्या घटकेला मोठ्या मनाने सोडून दिलं. “मगर बहनजी, फायदा कहाँ है? कागज पर तो नुकसान ही नुकसान है.”

हे खरं होतं. कागदावर फायद्याला ओळच नव्हती.

“फायदा मोजता येतो, सर,” डॉक्टर घाईने म्हणाले, “आधीच्या साच्याशी. नंबर सातचा साचा त्यांच्या घरी आहे.”

“तो ले आइए. पाँच बजे मेरी गाड़ी है.”

घरी पोचायला टांग्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात रजनीने मनात तीनदा डबा उघडला. प्रत्यक्षात उघडला तेव्हा आत कापूस होता. फक्त कापूस.

बाहेरच्या खोलीत अठरा बायका बसल्या होत्या. सासूबाई कुंकू लावत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की रजनीला भीतीच वाटली.

“आई, डब्यातला साचा कुठे आहे?”

“तळ्यात,” सासूबाई म्हणाल्या.

गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास होती. खाली आरसा आडवा ठेवून, कडेने वाळू आणि गवत पसरून तळं केलं होतं. आणि त्या तळ्यात, जबडा वासून, हिरवागार, गुंजांचे डोळे लावलेला केस नंबर सातचा आधीचा साचा बसला होता. ती मगर होती.

“काय हुबेहूब जमलीय हो,” एक बाई म्हणत होती. “दात बघा ना. असे दात मगरीलाच.”

अहल्याकाकू दरवर्षी आपल्या आराशीत पूर्वजांचा अंबारीचा हत्ती काढत आणि दरवर्षी सासूबाईंना तो बघावा लागे. आज काकूंनी मगर एकदा पाहिली होती आणि तेव्हापासून त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. सासूबाईंच्या समाधानाचं कारण ते.

रजनीने हात पुढे केला. सासूबाईंनी तो वरच्यावर धरला. “आराशीतलं काही हलवायचं नाही. दिवे लागेपर्यंत नाही.”

“आई, तो सरकारी पुरावा आहे.”

“असेल. आता गौरीचा आहे.”

“आणि हा रंग?”

“भैरवगढच्या कापड छापणाऱ्या छीपाकडून आणला होता, काकूंच्या लुगड्याचा उरलेला. पक्का आहे. धुतलास तरी जायचा नाही.”

धुवायची तर सोयच नव्हती. रजनी तळ्याकाठी दोन मिनिटं उभी राहिली. निरीक्षण: पुरावा सरकारकडे जाऊ शकत नाही. अनुमान: सरकारला पुराव्याकडे यावं लागेल. तिने पदर खोचला आणि चालू हळदीकुंकवातून, अठरा बायकांच्या देखत, ती स्टेशनकडे निघाली. फ्रीगंजातल्या घरापासून स्टेशन पाच मिनिटांवर. तिला तीन लागली.

“भोपाळची गाडी किती लेट आहे?” तिने कचेरीच्या खिडकीतून विचारलं.

“तुझ्या घरी हळदीकुंकू आहे ना?” शरच्चंद्र म्हणाला.

“किती लेट?”

“पस्तीस मिनिटं. मतलब, तारेवर पस्तीस सांगितलीत, धर पन्नास. का गं?”

अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या खात्याबद्दल रजनीला प्रथमच माया वाटली. पण ती व्यक्त करायला वेळ नव्हता. साहेब प्लॅटफॉर्मवर येऊन पोचले होते आणि शेजारी डॉक्टर त्यांची बॅग धरून, कुणी गेल्यासारखा चेहरा करून उभे होते.

“साहब, घर यहीं है. गाड़ी को पचास मिनट हैं.”

“बहनजी, साँचा यहाँ क्यों नहीं ले आईं?”

“देवी के सामने रखा है. उठा नहीं सकते.”

साहेबांनी टोपी सारखी केली. “तब तो चलना पड़ेगा,” ते म्हणाले.

हळदीकुंकवात दोन बाप्ये शिरलेले बघून पदर सरसावले. अहल्याकाकू उठून उभ्या राहिल्या. “रजनी, हळदीकुंकवाला पुरुषमाणसं?”

“काकू, हे सरकार आहे.”

“कुठलं? हल्लीचं का?” काकू म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

सासूबाईंनी सरकारला बूट काढायला लावले आणि हातात पन्ह्याचा पेला दिला. मग साहेब तळ्याकाठी गुडघे टेकून बसले. डॉक्टरांनी खिशातून मोजायचा काटा काढला आणि अठरा सुवासिनींच्या साक्षीने मगरीच्या वासलेल्या तोंडात घातला.

“खालचा जबडा आपल्या जागी धरून, वरचे दात पुढे, अकरा मिलीमीटर,” ते म्हणाले. “रंगाचा थर वजा करून.”

मग विनूला पुढे बोलावलं. तिचं मोजलं. डॉक्टरांनी परत एकदा मोजलं. “पाच.”

साहेबांनी सवयीने विनूची हनुवटी धरून दाढा पाहिल्या आणि “उमर साढ़े नौ” असं जाहीर केलं. ते बरोबर होतं. मग ते पुन्हा मगरीकडे वळले. “यह किसने बनाया?”

रजनी सासूबाईंच्या वतीने माफी मागणार, तेवढ्यात विनू म्हणाली, “मैंने. दादी को मगर चाहिए था. डब्बे में पड़ा था.”

रजनीने नऊ महिने दार लावून पुसलेले ते दात. कुणी हसू नये म्हणून कापसात जपलेले. ते पोरीने आपल्या हाताने रंगवून गावापुढे मांडले होते, आणि गाव त्यांना मगर म्हणत होतं.

“बेटा,” साहेब हळू म्हणाले, “ये तो तुम्हारे दाँत हैं न?”

विनूने मगरीकडे जरा निरखून पाहिलं, दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसं.

“थे,” ती म्हणाली.

आणि मग तिची नजर गुंजांच्या डोळ्यांवर गेली, साहेबांच्या मिशीला लागलेल्या पन्ह्यावर गेली, आणि ती हसली. तोंड उघडून. तार, कडी, दाढेत अडकलेली आंब्याची डाळ, सगळं सगळ्यांना दिसलं. कॉलर जागच्या जागी होती. तिचं बघून सासूबाई हसल्या, मग बायका, आणि शेवटी खिडकीकडे तोंड करून अहल्याकाकू. रजनी एकटी हसली नाही. ती वही शोधत होती, आणि तिला समोरचं धूसर दिसत होतं.

साहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्या उभ्या शेरा बदलला: केस सात चालू. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: इतर अकरा प्रकरणी ‘निरंक’ ग्राह्य नाही, आठ दिवसांत नव्याने भरावे. मग रुमालात ओले हरभरे बांधून घेऊन ते गाडीला गेले. गाडी आणखी वीस मिनिटं लेट झाली होती.

रविवारी अकरा घरचे आईबाप रजनीच्या दारात उभे राहिले. भांडायला आले होते. “आपकी वजह से,” अशी सुरुवातही झाली होती. रजनीने सतरंजी घातली, चहा ठेवला आणि प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. “शुरू से बताइए,” ती म्हणाली. “पहला छाला कब आया?” केस नंबर चारची आई म्हणाली की तिचा मुलगा पहिले चार दिवस काही खातच नव्हता, पण ती कुणाला बोलली नाही. बोलता बोलता तिला चार ओळी कमी पडल्या. रजनीने पुरवणी पुढे सरकवली.

रजनीची स्वतःची नोंद चालूच होती. जुलैत, शाळा सुरू झाल्यावर, तिने लिहिलं: आठवडा त्रेपन्नावा. दुष्परिणाम: वर्गात मोठ्याने हसते. बाईंची चिठ्ठी आली आहे, सोबत जोडली आहे. आता नव्या कागदावर त्याखाली आणखी एक रकाना आला होता, ‘केलेला उपाय’. त्याच्यासमोर चार ओळी होत्या. रजनीने त्या चारही मोकळ्या सोडल्या असत्या, पण सरकारी कागद कोरा ठेवू नये. म्हणून तिने वर्षभरात पहिल्यांदाच तो शब्द लिहिला.

निरंक.